कल्याणमास्तरांचा मुलतानी

पाथर्डीच्या श्रीमंत ब्रास बँडचा मास्तर कल्याण ससाणे चव्वेचाळीस वर्षांचा झाला आणि त्याने एम. ए. ला नाव घातलं. तेही संगीतात, आणि वाद्य कुठलं तर क्लॅरिनेट. बातमी तालुकाभर व्हायला एक आठवडी बाजार पुरला.

बँड त्याच्या वडलांच्या, श्रीमंतरावांच्या नावाचा. अकराव्या वर्षापासून कल्याणच्या हातात क्लॅरिनेट. नवं गाणं दोनदा कानावर पडलं, की तिसऱ्यांदा ते त्याच्या वाद्यातून बाहेर पडायचं. लग्नसराई संपली की तो रिकामा. त्या रिकामपणातच त्याने मुक्त विद्यापीठातून बी. ए. करून टाकलं होतं. त्याचं पुढे काय करायचं, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

ते ठरलं नगरच्या एका लग्नात. पंगती बसल्या होत्या, बँडची माणसं जेवायला गेली होती, आणि कल्याण एकटाच खुर्चीवर बसून मनाशी वाजवल्यासारखं काहीबाही वाजवत होता. साठीला आलेल्या एक बाई पाहुण्यांतून उठून त्याच्यापाशी आल्या. नाव सरोजिनीताई. नगरच्याच एका महाविद्यालयात गाणं शिकवायच्या.

“सूर पक्का आहे हो तुमचा,” त्या म्हणाल्या. “पण एकालाही बसू देत नाही तुम्ही. आला की हाकललात.”

कल्याणला खरं तर राग यायला हवा होता. तो म्हणाला, “मग बसवायला शिकिवता का, ताई?”

“शिकवते. पण मला क्लॅरिनेट येत नाही. मी गाईन, तुम्ही वाजवा. आणि शिकायचंच तर पुरतं शिका. एम. ए. ला या.”

प्रवेशाच्या अर्जावर वाद्यांची यादी होती. सतार, बासरी, व्हायोलिन, हार्मोनियम. क्लॅरिनेट नव्हतंच. “बासरीपुढे खूण करा की, फुंकायचंच तर आहे,” खिडकीतला लेखनिक म्हणाला. कल्याणने पेन घेतलं, यादीखालच्या कोऱ्या जागेत ठळक अक्षरांत ‘क्लॅरिनेट’ लिहिलं आणि अर्ज आत सरकवला. पुढची पत्रापत्री सरोजिनीताईंनी केली. महिन्याभराने प्रवेश मिळाला.

वर्गात बाकीची सगळी बावीस-तेवीसची. त्यातली मैत्रेयी त्याला पहिल्या दिवसापासून काका म्हणू लागली. तिच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी, त्यामुळे समजावून सांगायची हौस दांडगी. कल्याणला रागांची नावं माहीत नव्हती, स्वरलिपी वाचता येत नव्हती. मैत्रेयी त्याला कँटीनमध्ये वहीवर आडव्या-उभ्या रेघा मारून ताल लिहायला शिकवायची, आणि दम कसा साठवायचा ते त्याच्याकडून शिकून घ्यायची.

लेखी पेपर सुटले. अडलं ते वाजवण्यातच. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात वीस मिनिटं राग मांडायचा होता. कल्याणचा आठ मिनिटांत संपला. आलाप, गत, ताना, सगळं धडाधड वाजवून तो घाम पुसत बसला. जेमतेम पास झाला. चौतीस वर्षं वाद्य हातात आणि गुण असे! एसटीत बसला तरी त्याचे कान तापलेलेच होते.

“तुम्हाला घाई कशाची आहे, कल्याणराव?” दुसऱ्या दिवशी सरोजिनीताईंनी विचारलं. “इथे वरात पुढे सरकत नाहीये.”

हे त्याने घरी येऊन बायकोला, सुकन्याला सांगितलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. “मंग सोपं हाय की,” ती म्हणाली. “माजी एक भाकर हुईस्तवर एकच सूर धरा. दम लागला तर घ्या, पर सूर बदलायचा न्हाई.”

पहिली भाकरी होईपर्यंत तो तीनदा घसरला. बोटं आपोआप पुढच्या सुराकडे पळायची. सुकन्या तव्यावरून नजर न काढता म्हणायची, “पळाली बगा.” महिनाभर हेच. मग कधीतरी त्याला कळलं, की एकाच सुरावर राहिलं तर त्या सुराच्या आतही जायला जागा असते. ओठांचा दाब जरासा सोडला की तो खाली झुकतो, छिद्रावरचं बोट अलगद उचललं की वर चढतो. जे ताई गळ्याने करायच्या, ते आता लाकडातून येऊ लागलं. त्या दिवशी दुरडीत सतरा भाकऱ्या झाल्या तरी सुकन्याने त्याला थांबवलं नाही.

शेवटच्या वर्षाचं मंचप्रदर्शन आलं ते नेमकं मे महिन्यात, लग्नाच्या दाट तिथीला. दुपारी तीनची वेळ. बँडला त्याच दिवशी दोन सुपाऱ्या: दुपारची भिंगारला, संध्याकाळची तिसगावला.

“सुपारी बी सोडायची न्हाई अन् परीक्षा बी,” ढोल वाजवणारा अजिनाथ म्हणाला. “आमी भिंगारहून डायरेक्ट येतो.”

आणि आले. पडदा सरकला तेव्हा सभागृहाच्या मागच्या दोन रांगांत लाल कोट, सोनेरी झालर आणि तुऱ्याच्या टोप्या घातलेली अकरा माणसं गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. “हे कोण?”

“माजी मानसं हायेत, सर,” कल्याण म्हणाला. अंगात त्याच्याही लाल कोटच होता.

त्याने मुलतानी धरला. दुपार कलतानाचा राग. खालचा निषाद लावला आणि तिथेच राहिला. बोटं पळाली नाहीत. तिथून षड्जावर आला, मग कोमल गंधाराला असा हलकेच झोका दिला, की पुढच्या रांगेत सरोजिनीताईंचे डोळे मिटले. पंधरा मिनिटं नुसता आलाप. मग तबला आला, विलंबित गत, आणि शेवटी द्रुत. आयुष्यभराचा वेग आता त्याच्या कामी आला. ताना अशा सुटल्या, की एका समेवर अजिनाथने टोपी काढून हवेत उडवली. शिपाई धावला, पण परीक्षकांनी हातानेच त्याला राहू दे म्हटलं. पंचेचाळीस मिनिटं झाली होती; वेळ संपल्याची घंटा वाजवायची कुणालाच आठवण झाली नाही.

शेवटचा सूर विरल्यावर परीक्षकांनी विचारलं, “अभ्यास कुठे केलात?”

“निम्मा ताईंपाशी, सर. निम्मा चुलीपाशी.”

हसू फुटलं, आणि मग टाळ्या. लाल कोटातले अकरा जण उभेच राहिले. मैत्रेयी रडत टाळ्या वाजवत होती.

सहाच्या आत त्यांचा टेम्पो करंजी घाटातून उतरून तिसगावात शिरला. नवरदेव घोड्यावर बसून वाट पाहत होता. कल्याणने तोंड धुतलं, टोपी चढवली आणि पहिलंच गाणं असं उचललं, की घोडासुद्धा ठेक्यात पाय टाकू लागला.

निकाल जुलैत लागला. मंचप्रदर्शनात कल्याण ससाणे विभागात पहिला. सरोजिनीताईंनी फोनवर आधी गुण सांगितले, मग म्हणाल्या, “आणि यंदाचा अर्ज बघितलात का? यादीत क्लॅरिनेट छापलंय.”

पेंटरला बोलावणं धाडलं ते सुकन्याने. टेम्पोच्या पाठीवर ‘कल्याण ससाणे, एम. ए. (संगीत)’ लिहायचं होतं. पेंटरने फूटपट्टी लावून विचारलं, “वहिनी, केवढं काढू?”

“करंजी घाटात मागच्या गाडीवाल्याला वाचता आलं पायजे,” ती म्हणाली, “एवढं.”