दत्तारामची अर्धी वाक्ये

दत्ताराम गेल्याचे मला जिन्यात समजले. टँकरची वाट पाहणाऱ्या बायका हंडे खाली ठेवून त्याच्या दाराशी उभ्या होत्या. तेव्हाच काय ते उमगले. आता महिना होत आला.

तो माझा शेजारी. निवडणूक आली की जूचंद्रपासून नालासोपाऱ्यापर्यंत कोपरासभांत बोले. पक्ष कोणताही चाले. उमेदवार येईपर्यंत गर्दी धरून ठेवणे, हे त्याचे काम. मी निवृत्त गणितशिक्षक. आमच्या इमारतींना पाणी का पोहोचत नाही, हे मी त्याला नीट समजावले होते : जलवाहिनी अरुंद, आणि आम्ही तिच्या शेवटच्या टोकाला. व्यासपीठावर तो यातले अक्षरही उच्चारत नसे. “माझ्या आईनं हंडे वाहता वाहता...” एवढेच म्हणून थांबे. लोक डोळे पुसत. त्याच्या आईच्या अंगणात विहीर होती.

एकदा नायगावच्या एका नव्या टॉवरमध्ये त्याने चुकून हेच भाषण केले. तेथे पाणी अष्टौप्रहर, शिवाय पोहण्याचा तलाव. तेथील लोकही रडले. परतताना मी ही विसंगती त्याच्या निदर्शनास आणली.

“रडले ना, मास्तर? तुमच्या कारणांवर आजवर कोण रडलंय?”

“कारणे रडण्यासाठी नसतात.”

“म्हणून तर तुमच्या सभेला आपण दोघंच असतो.”

नव्या जलवाहिनीसाठी आम्ही अर्ज केला होता. दत्ताराम माणसे घेऊन महापालिकेच्या कार्यालयात जाणार होता; त्याआधीच तो गेला. माणसे जमवणे माझ्याकडे आले. शोकसभेतच मी विषय काढला. वाहिनीचा व्यास, पाण्याचा दाब, इमारतींची उंची... लोक मोबाइल पाहू लागले. हे काम दत्ताराम करणार होता, हा माझा शेवटचा मुद्दा. “दत्ताराम...” एवढे म्हणालो आणि पुढचे जमले नाही.

तळमजल्यावरच्या शेवंताबाई पदराने डोळे पुसत उठल्या. “बस झालं, मास्तर. उद्या किती वाजता निघायचं, तेवढं सांगा.”

अधिकाऱ्याने माझी सर्व कारणे शांतपणे ऐकून घेतली. माझ्यामागे थेट जिन्यापर्यंत माणसे उभी होती, हेही त्याचे एक कारण असावे.

खोदकाम सुरू झाले आहे. विवेक मोठा की भावना, हा आमचा वाद रोज सायंकाळी माझ्या गॅलरीत चाले. अजूनही चालतो, दोन्ही बाजू मीच मांडतो आणि जिंकतोही. मात्र माझे बोलणे मध्येच तोडणारा कोणी नसल्यामुळे तो फार लवकर संपतो...