आईने नळ उघडा ठेवला

बाबा गेल्यावर घाटकोपरची जागा विकली आणि आई बोरिवलीला दादाकडे राहायला गेली. मी मुलुंडला होते. तिने माझ्याकडे यावं असं मला फार वाटत होतं, पण मुलगा असताना मुलीकडे कशाला, हे तिचं ठरलेलं. आई एका सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेली बाई. तिच्या हाताखालच्या लोकांना तिचा धाक होता असं ते नंतरही भेटले की सांगायचे. दादाकडे गेल्यावर तो धाक तिने घाटकोपरच्या भांड्यांबरोबर कुणाला तरी देऊन टाकला असावा. तिकडे ती हळू बोलायची, विचारून टीव्ही लावायची.

ती तिकडे गेल्यानंतर दोन-एक वर्षांनी दादा-वहिनींनी घराचं काम काढलं. हॉलमध्ये लादीवर लाकडी फ्लोअरिंग बसवलं, आणि ज्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम होतं तिच्यावर छतापर्यंत टीव्ही युनिट ठोकलं. मी बघायला गेले तेव्हा वहिनींनी मला पाय पुसून आत यायला सांगितलं. आईच्या रबरी चपला बंद झाल्या होत्या, कारण त्यांचे डाग पडतात. ती मोजे घालून हिंडत होती. मोज्यांनी घसरशील, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "असू दे गं. त्यांची हौस आहे."

पुढे काही महिन्यांनी वहिनींच्या माहेरचं लग्न निघालं नाशिकला. सगळे गेले. आईचे गुडघे धरले होते, म्हणून ती मागे राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती टीव्हीसमोर बसायला गेली आणि तिचे मोजे ओले झाले. तिने पुसलं. थोड्या वेळाने बघते तर पुन्हा ओल. फळ्यांच्या सांध्यांमधून पाणी वर येत होतं. तिने दादाला फोन केला. तो मांडवात होता, मागे बँड वाजत होता. नळ बघ कुठला तरी उघडा राहिलाय, एवढं बोलून त्याने फोन ठेवला. तिने सगळे नळ तपासले. सगळे बंद होते. पुन्हा फोन लावला तर त्याने उचलला नाही. मग ती टॉवेल, चादरी, शेवटी स्वतःच्या जुन्या साड्या घेऊन जमिनीवर बसली आणि टिपत राहिली. गुडघे वाकत नव्हते, म्हणून पाय पसरून बसली आणि तशीच सरकत सरकत पिळत राहिली. मला फोन का नाही केलास, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली की दादाला आवडलं नसतं.

ते परत आले तोवर फ्लोअरिंग फुगून मधोमध उंच झालं होतं. पुढचं मला भाचीने, दादाच्या मुलीने सांगितलं, आणि आईनेही. दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता. वहिनी दारातच उभ्या राहिल्या. बाथरूमचा नळ सोडून झोपलात का, असं त्यांनी विचारलं. आई नाही म्हणाली. मग पाणी काय भिंतीने रडून काढलं का, असं वहिनी म्हणाल्या. दादाने आईला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, खरं सांग. आम्ही ओरडणार नाही."

आई म्हणाली, "मला आठवत नाही रे, मी उघडा ठेवल्याचं."

तिला म्हणायचं होतं की मी ठेवला नाही. पण त्या घरात सगळ्यांनी फक्त "आठवत नाही" एवढंच ऐकलं. त्या दिवसापासून ती विसरणारी बाई झाली.

खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. आईच्या समोरच दादा त्यांना म्हणाला की आई विसरते हल्ली, आम्ही लक्ष ठेवू. ते आईकडे बघून हसले, जसं लहान मुलाकडे बघून हसतात. आठवड्याभरात बिल्डिंगमधल्या बायका तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागल्या. "आजी, जेवलात का? काय जेवलात?" आई मला फोनवर सांगायची की अगं, मला ऐकू येतं सगळं.

फ्लोअरिंगवाला आला, फुगलेल्या फळ्या काढून नव्या बसवून गेला. प्लंबरला कुणी बोलावलं नाही. कशाला बोलावतील? कारण घरातच सापडलं होतं.

मग कॉकची सुरुवात झाली. बाथरूम आणि किचनच्या लाइनचा मेन कॉक वर होता, माळ्याजवळ, आईचा हात पोचणार नाही असा. सकाळी ऑफिसला निघताना दादा तो बंद करायचा. आईसाठी बाथरूममध्ये दोन बादल्या आणि ओट्यावर एक कळशी भरून ठेवलेली असायची. संध्याकाळी कोणी येईपर्यंत त्यातच सगळं. मला हे माहीत नव्हतं. एकदा पवईला ऑफिसच्या कामाला आले होते, ते लवकर संपलं, म्हणून न सांगता बोरिवली गाठली. आईने दार उघडलं. चहा टाकते म्हणाली आणि कळशीतून अर्धाच कप पाणी घेतलं. मी हात धुवायला नळ सोडला तर कोरडा. पाणी गेलंय का, असं मी विचारलं. ती ओशाळली. मग मला तिने बाथरूममधली बादली दाखवली, तळाला थोडं उरलेलं, आणि म्हणाली, "त्या दिवशी पोट बिघडलं होतं, तेव्हा जरा पंचाईत झाली. एरवी पुरतं."

मी तिथूनच दादाला फोन लावला. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तो शांतपणे म्हणाला, की कॉक बंद करायला लागल्यापासून घरात थेंब आलेला नाही, हाच पुरावा आहे. आम्ही सगळे घरात असतो तेव्हा पाणी चालू असतं, तेव्हा काही होत नाही. ती एकटी असली की होतं. आणि मग म्हणाला, "एवढी काळजी असेल तर घेऊन जा ना."

त्याआधी त्यांनी तिला स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडेही नेऊन आणलं होतं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. आयुष्यभर ऑफिसात आकडे केलेली बाई, ती मध्येच अडकली, कारण वहिनी शेजारी बसून तिच्या ओठांकडे बघत होत्या. वयाच्या मानाने ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले. घरी मात्र एवढंच सांगितलं गेलं की वजाबाकी जमली नाही.

मी तिला मुलुंडला घेऊन आले. तिच्या दोन बॅगा वहिनींनी आधीच भरून ठेवल्या होत्या, नीट घड्या घालून.

आमच्याकडे आल्यावर सगळं ठीक होईल असं मला वाटलं होतं. पण ती आमच्या बाथरूमच्या दारात उभी राहून विचारायची, "जाऊ का गं?" आंघोळ करून आली की मला आत जाऊन बघायला लावायची. नळ इतका आवळायची की आम्हाला तो सोडताना पकड घ्यावी लागायची. स्वयंपाकघरात मी नसले तर पाण्याला हात लावायची नाही. तहानली तर बसून राहायची. मी खूप समजावलं. तुझ्या हातून काही झालेलं नाही, असं मी दर दोन दिवसांनी म्हणायचे. सुरुवातीला ती माझ्याकडे आशेने बघायची. नंतर नुसती मान हलवायला लागली. एकदा म्हणाली, "ठेवला असेन गं. माझ्याशिवाय होतं कोण तिथे?"

ती येऊन काही महिने झाल्यावर भाचीच्या वाढदिवसाला मी एकटीच बोरिवलीला गेले. हॉलमधलं टीव्ही युनिट जागेवर नव्हतं. भिंतीवर नव्या सिमेंटचा मोठा चौकोन होता, अजून रंग न दिलेला. जमिनीवर साधी लादी होती. हे काय झालं, असं मी सहज विचारलं. वहिनी केक कापायची सुरी शोधत होत्या. म्हणाल्या, "अगं, ते युनिट बसवताना सुताराने भिंतीतल्या पाइपात स्क्रू मारलेला. तो गंजला आणि पाणी आत झिरपत राहिलं. आई तुझ्याकडे गेल्यावर आम्ही कॉक चालू ठेवायला लागलो ना, तर दोन महिन्यांत नवीन फ्लोअरिंगची पण वाट लागली. मग फोडलं तेव्हा कळलं."

मी विचारलं, कधी कळलं. झाले आता चार महिने, त्या म्हणाल्या.

दादा पलीकडे फुगे लावत होता. मी त्याला गॅलरीत नेलं आणि आईला का सांगितलं नाहीस, असं विचारलं. तो खरंच गोंधळला. सांगण्यासारखं त्यात काय आहे, हे त्याला कळत नव्हतं. "आता सांगून काय उपयोग? ती तुझ्याकडे रुळलीय. उगाच जुनं उकरून तिला त्रास." मी केक न खाता निघाले.

घरी येऊन चपलाही न काढता मी आईला सांगितलं. सुतार, स्क्रू, गंज, सगळं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "तू लहानपणापासून अशीच. मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगशील."

मी दादाला फोन लावून तिच्या हातात दिला. म्हटलं, आता त्याच्या तोंडून ऐक. स्पीकर चालू होता. तो म्हणाला, "हो आई, तसंच काहीतरी होतं. पाइपचाच प्रॉब्लेम होता. तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस हां." आजाऱ्याशी बोलतात तो आवाज. आईने फोन मला परत दिला आणि माझ्याकडे बघून हसली. तूच त्याला हे बोलायला लावलंस, असं त्या हसण्यात होतं. त्यानंतर तो विषय मी काढला की ती उठून जायची.

पुढे तिची तब्येत उतरत गेली. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. दादा भेटायला आला. मी चहा घेऊन खोलीत गेले तेव्हा तिने त्याचा हात धरला होता आणि ती म्हणत होती की तुझं एवढं हौसेचं घर माझ्यामुळे खराब झालं, मला माफ कर.

मी ट्रे धरून उभी राहिले. आता तरी तो बोलेल.

"जाऊ दे आई," दादा म्हणाला. "झालं ते झालं. आम्ही कधी मनात ठेवलं नाही."

तिचा चेहरा सैल झाला. त्या दुपारी ती गाढ झोपली, कित्येक दिवसांनी. ती उठल्यावर तिला पुन्हा खरं सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.

तिच्या तेराव्याला सगळे नातेवाईक जमले होते. आईच्या आठवणी निघाल्या. दादा सांगायला लागला की शेवटी शेवटी ती फार विसरायची, एकदा तर नळ उघडा ठेवून अख्खं घर पाण्यात घातलं, पण आम्ही तिला एका शब्दाने बोललो नाही. एका मावशीने डोळ्यांना पदर लावला. असा मुलगा मिळायला नशीब लागतं, असं कोणीतरी म्हणालं.

मी म्हणाले, "दादा, पाइपात स्क्रू तुझ्या सुताराने मारला होता. तुला माहीत होतं, आणि तू तिला माफ केलंस."

दादा जमिनीकडे बघत राहिला. वहिनी आत निघून गेल्या. मग मावशी माझा दंड धरून म्हणाली, "आज नको गं हे. आजच्या दिवशी तरी नको." आणि बायका पानं वाढायला उठल्या.