सलाईनची उघडी बाटली

त्या आठवड्यात आमच्याकडे तीन बाळांना ताप आला. तिघंही ताप घेऊन आलेली नव्हती. तो त्यांना आमच्याच नवजात कक्षात लागला होता. परभणीतला छोटा खासगी दवाखाना तो, आणि मी तिथली सगळ्यात जुनी नर्स. बाकीच्या पोरींना काम मीच शिकवलेलं.

तिघांच्याही रक्तात एकच जंतू निघाला, तेव्हा डॉक्टरांनी बाहेरून एक जंतुतज्ज्ञ बाई बोलावल्या. नळ, बाळांना ऊब देणाऱ्या काचपेट्या, साबण, औषधं, त्यांनी सगळ्यांचे नमुने घेतले. मग आमच्या हातांचे. झडती दिल्यासारखं वाटत होतं. अहवालाला दोन दिवस लागणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौथ्या बाळानं दूध सोडलं. पालमजवळच्या खेड्यातलं, दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं. त्याची आई दाराशी येऊन उभी राहिली. बाहेरच्या बायकांकडून तिला सगळं कळलं होतं.

"सिस्टर, माजं लेकरू मला घरी न्यायचंय. इथं एकेक करून सगळेच बेमार पडायलेत."

ऑक्सिजन काढला तर बाळ गावापर्यंत पोचायचं नाही, हे मी तिला सांगितलं. माझ्यावर भरवसा ठेव, असंही म्हणाले. ती थांबली. बाळाला औषध मीच दिलं, आणि हाताला लावलेली नळी तुंबू नये म्हणून नेहमीसारखं थोडं सलाईन तिच्यात सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जंतुतज्ज्ञ बाई अहवाल घेऊन आल्या. आमचे हात स्वच्छ निघाले होते. मला जरा हायसं वाटतंय तोवर त्यांनी खुंटीला लटकवलेल्या सलाईनच्या बाटलीकडे बोट दाखवलं. जंतू तिच्यात होता.

अशी बाटली एकदा उघडली की आम्ही ती संपेपर्यंत वापरायचो. बुचात एक सुई कायमची खोचलेली असायची, आणि सगळ्या बाळांसाठी तिच्यातूनच सलाईन काढायचं. वाया जाऊ नये म्हणून.

"ही पद्धत कुणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी," मी म्हणाले. काल दुपारी मी त्या बाळाच्या नळीत काय सोडलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बाटली गेली, एकदाच वापरायच्या छोट्या कुप्या आल्या. त्या जंतूवर कोणतं औषध चालतं हेही अहवालात होतं, म्हणून औषधही नेमकं मिळालं. तरी पुढचे चार दिवस मी त्या बाळाच्या काचपेटीपासून फारशी हलले नाही. पाचव्या दिवशी बाळानं वाटी-चमच्यानं दूध घेतलं. आधीची तिघंही हळूहळू सावरली.

आईबापांना खरं सांगायचं डॉक्टरांनी ठरवलं. पालमकडच्या त्या आईला मी सांगते म्हटलं. तिनं खाली बघत सगळं ऐकलं.

"तुमाला ठावं नव्हतं ना?"

"नव्हतं. पण ठाऊक असायला पायजे होतं."

तिनं मान वर केली. मग म्हणाली, "आता जे काय द्यायचं ते माज्यासमोर फोडायचं."

तेव्हापासून बाळाला सुट्टी मिळेपर्यंत दर वेळी ती कक्षाच्या काचेपाशी येऊन उभी राहायची. मी नवी कुपी तिला दाखवायची, तिनं मान हलवली की मगच फोडायची.