निकेलमधली माती

कापसाच्या बाजाराची घडी विस्कटलेली ती वर्षं. केळापूरच्या रस्त्यावर सरकीच्या तेलाचं वनस्पती तूप करणाऱ्या एका कारखान्यात मी केमिस्ट होतो. तेव्हा कुणाचाच कुणावर भरवसा नव्हता. सरकीचं पोतं आलं की आमचे शेठ वरची सरकी बघतच नसत. कोपरापर्यंत हात खुपसून मधली ओली आहे का, ते चाचपत.

अशा माणसापुढे मला नाटक करायची हुक्की आली! तेल गोठवणारी निकेलची काळी पूड नव्या व्यापाऱ्याकडून आली होती. मी चिमूटभर पूड आम्लात टाकली. निकेल विरघळलं, भांडं हिरवंगार झालं. मी शाबासकीची वाट पाहतोय, आणि शेठ तळाकडे पाहताहेत. तळाशी पांढरी माती बसली होती.

"साहेब, अर्धी तं मातीच हाय! तुमचा हिस्सा किती याच्यात?"

"शेठ, ती मुद्दाम घालतात. निकेल तिच्यावर बसतं."

"बसाले खुर्ची लागते का त्याले?" टाक्या सांभाळणारा मिस्त्री खिदळला.

शेठनी फर्मान काढलं: ते स्वतः शुद्ध निकेल आणणार. त्यानं तेल गोठलं, तर मी चोर आणि नोकरी खलास.

छोट्या बंद टाकीत शेठनी आणलेलं निकेल घालून तेल तापवलं, हायड्रोजन सोडला. त्याआधी मिस्त्रीनं माझे खिसे झाडून घेतले. तेल निवलं, पण पातळच.

"माती पायजे ना? घ्या!" शेठनी तेल गाळायची पांढरी माती मूठभर आणून निकेलमध्ये कालवली. तरी पातळच. आता मलाच पुडीच्या त्या नव्या व्यापाऱ्याचा संशय यायला लागला: त्यानंही अशीच माती कालवली असेल तर?

तिसऱ्या खेपेला ती बदनाम पूड. तेल निवून पांढरं घट्ट झालं, आणि मला कंठ फुटला. "शेठ, शुद्ध पुडीचे कण जाडे. या पुडीतले नॅनोकण इतके बारीक, की धूळही त्यांच्यापुढे डोंगर. मातीच्या भोकाभोकांत ते घट्ट चिकटवलेले असतात. मोकळे असते, तर तापताच एकमेकांना बिलगून गोळा झाले असते. मग तेलाला भिडायला अंगच उरलं नसतं. वरून माती कालवून ते चिकटत नाहीत."

शेठनी तुपात बोट मधोमध खुपसलं. आत ओलं नव्हतं. नोकरी वाचली.

बोट पुसत ते हळूच म्हणाले, "मंग साहेब, निकेल कमी अन् माती जास्त, असं नाही जमत का?"

मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. आता संशय घ्यायची पाळी माझी होती.