काळ्या लोकरीचा दोरा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बारामतीला दुसऱ्या वर्षाला होते. कॉम्प्युटर हा विषय घेतला होता, आणि तो मला पुरता कळला असं आजही म्हणवत नाही. पण त्या दिवशी जे बोलले त्याबद्दल मी माफी मागितली नाही. मागणारही नाही.

इंदापुरात हायवेला वडिलांचं, म्हणजे आबांचं, लॉज होतं. चार खोल्यांच्या आठ झाल्या, वर मजला चढला तशा सोळा झाल्या. काउंटरमागे किल्ल्यांची लाकडी फळी होती. फोनवर किंवा पोस्टकार्डानं कुणाला खोली कबूल केली की आबा त्या किल्लीला काळ्या लोकरीचा दोरा बांधत, आणि ते माणूस आलं की स्वतः सोडत. ही रीत आजोबांची. ते मेंढरं राखायचे. एखादं कोकरू कुणाला कबूल केलं की त्याच्या गळ्यात दोरा बांधत, मग ते दुसऱ्याला द्यायचं नाही. आबांनी मेंढरं सोडली, दोरा सोडला नाही.

आठ खोल्यांना हे पुरलं, सोळांना पुरेना. कुठला दोरा कुणासाठी, हे फक्त आबांच्या डोक्यात. एकदा आबा लासुर्ण्याला लग्नाला गेले होते, तेव्हा माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, एका कुटुंबाची खोली दुसऱ्याच कुटुंबाला दिली. आता कॉम्प्युटर घ्यायचाच, असं चुलते म्हणू लागले. मलाही ते पटलं होतं.

पुण्याहून एक विक्रेता जीपमधून कॉम्प्युटर घेऊन आला. त्यानं सोळाही खोल्या पडद्यावर मांडून दाखवल्या. खोली कबूल केली पण पैसे आले नसतील तर कसं लिहायचं, असं मी भीत भीत विचारलं. त्यानं नीट समजावलं: अशी खोली संध्याकाळी सहापर्यंत राखून ठेवायची, नंतर मशीन ती आपोआप मोकळी करतं. मोठ्या हॉटेलांत असंच चालतं. चुलते खूश झाले. आबांनी मान हलवली. विक्रेत्यानं ऑर्डरचा कागद काढला.

त्या दिवशी तीन किल्ल्यांना दोरे होते. त्यातली एक साताऱ्याकडच्या म्हाताऱ्या जोडप्याची. नरसिंहपूरचा नरसिंह त्यांचं कुलदैवत, दर वर्षी येत, आणि येत ते एसटीनं. म्हणजे वेळेचा भरवसा नाही.

एक करून बघू का, असं मी विचारलं. त्यानं हसत खुर्ची दिली. मशीनचं घड्याळ कसं बदलायचं ते आम्हाला प्रयोगशाळेत शिकवलं होतं. मी तिन्ही नावं भरली आणि घड्याळ सहा वाजून पाच मिनिटांवर नेलं. तिन्ही खोल्या मोकळ्या झाल्या.

"बरोबर आहे," विक्रेता म्हणाला. "असंच व्हायला पाहिजे."

"न्हाय बरोबर." कॉलेजात मी प्रयत्नानं आहे-नाही म्हणायला शिकले होते, तेव्हा ते सुचलं नाही. "आबांनी शब्द दिलाय. सहा वाजले म्हणून त्यो संपत न्हाय."

कितव्या वर्षाला आहात, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं. "शिक्षण पूर्ण होऊ द्या, ताई. मग सिस्टिमवर बोलू."

"बारामतीची एसटी काय धरली," चुलते म्हणाले, "लॉजची मालकीणच झाली."

"तात्या, कॉम्प्युटर पायजेच हाय," मी म्हणाले. "पण ह्यो न्हाय. आपली रीत ज्यात लिवता येईल तसला बघू."

आबांनी फळीवरच्या एका किल्लीचा दोरा बोटानं चाचपला. मग विक्रेत्याला म्हणाले, "साहेब, ह्यात दोरा बांधायला जागा करून देता का?"

एका गिऱ्हाइकासाठी प्रोग्रॅम बदलत नाहीत, असं तो म्हणाला. तुम्हीच हळूहळू पद्धत बदला, नाहीतर मागं राहाल.

"मग ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "च्या घेऊन जावा."

चुलते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढं बारामतीत स्वतः प्रोग्रॅम लिहिणारा एक जण सापडला. दोन दिवस फळीसमोर बसून त्यानं आमच्यासाठी एक रकाना केला: शब्द कुणाला दिला, कुणी दिला. ती खोली माणसानं मोकळी केली तरच मोकळी व्हायची. छपाई वाकडी यायची, वीज जायची, म्हणून दोरेही राहिलेच.

पण मला आठवते ती विक्रेता आला त्याच दिवसाची संध्याकाळ. सात वाजून गेल्यावर ते जोडपं पिशव्या घेऊन आलं. एसटी वाटेत बंद पडली होती. बाई दारातच थांबल्या आणि खोली आहे ना, असं त्यांनी विचारलं.

आबांनी फळीवरची किल्ली काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

"तूच सोड दोरा," ते म्हणाले.