हौशीराम मिस्तरीचा उजवा डोळा

पौषातला गारठा. बेल्ह्याच्या शिवारावर धुकं इतकं दाट की बांधावरची बाभळ दिसत नव्हती, नुसते तिच्यावरचे कावळे ऐकू येत होते. बैलांचे सौदे करणाऱ्या दादाभाऊच्या नव्या घरात हौशीराम मिस्तरी टिपाडातल्या पाण्यानं हात बधिर करून घेत कालच्या गिलाव्यावर पाणी मारत होता. एरवी हे काम साळुबाईचं. पण आज तिच्याआधी उठून त्यानंच पाण्याचा मग हातात घेतला होता, आणि साळुबाई वाळूकडं वळली होती.

ही दोघं नवराबायको डोंगरातल्या तळेघरची. वर भात न् नाचणी आटोपली की खाली उतरायचं, कुणाचं घर चाललं असेल तिथंच मुक्काम टाकायचा, तो मिस्तरी आणि ती त्याच्या हाताखाली, असं त्यांचं हयातभर चाललेलं. हौशीराम भिंती बांधायचाच, पण त्याचं नाव होतं ते खिडक्यांच्या कामात. चौकटीपासून भिंतीच्या कडेपर्यंतची आतली वीतभर जाडी, म्हणजे खिडकीच्या बगला, आणि खालचा कट्टा. भिंतीत थोडं वरखाली झालं तर खपतं. बगलेत खपत नाही, कारण खिडकीत उजेड असतो आणि उजेड चुगलखोर. हौशीराम डावा डोळा मिटायचा, उजव्यानं कड वरून खाली बघायचा आणि म्हणायचा, सूतभर बाहेर गेलीय. मग कुणी ओळंबा लावला, दोरीला वजन सोडून बघितलं, की नेमकी तेवढीच निघायची. जुन्नरापासून घोडेगावापर्यंत गवंडी चेष्टा करत, की हौशीरामकडं ओळंबा आहे तो पिशवीला वजन म्हणून.

त्याच डोळ्यात मोतीबिंदू झाला. आधी तो धुक्यालाच शिव्या द्यायचा. चैत्रातसुद्धा धुकं दिसायला लागलं तेव्हा साळुबाईनं त्याला शिबिरात नेऊन बसवलं. ऑपरेशन झालं, काळा चष्मा लावून एक पावसाळा घरात काढला. दिसायला स्वच्छ लागलं. पण स्वच्छ दिसणं वेगळं आणि सरळ दिसणं वेगळं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. दादाभाऊचं घर हे त्यानंतरचं पहिलं काम, आणि डोळ्याचं इथं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मनाशी मात्र ठरवलं होतं, की बगला जमल्या तर मिस्तरी, नाही तर थापी कायमची आढ्याला खोचायची.

आणि त्यात त्यानं एक आडमुठेपणा केला होता. बैठकीच्या मोठ्या खिडकीला ओळंबा लावायचाच नाही, असं ठरवलं. खालच्या कट्ट्याची कडाप्पा फरशी लेव्हलनं बसवली, पण बगलांना नुसती लाकडी फळी धरली, डोळ्यानं सरळ केली आणि गिलावा ओढला. चौकटीला सिमेंट लागू नये म्हणून तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. काम संपेस्तोवर उजेड मावळला, आणि कागद तसाच राहिला.

तो कागद काढला लंकाबाईनं. लंकाबाई म्हणजे दादाभाऊची आई. चहाची किटली घेऊन ती सकाळी यायची आणि कपात ओतता ओतता सगळं घर तपासून जायची. कागद सोलून ती चार पावलं मागं सरली, मान तिरकी केली.

"मिस्तरी, चौकटीची ही पट्टी वर रुंद न् खाली चिंचोळी का वो दिसती?"

हौशीरामनं बघितलं. गिलाव्याच्या बाहेर राहिलेली चौकटीची लाकडी पट्टी वर चांगली दोन बोटं होती आणि खाली येईस्तोवर बोटभर उरली होती. आंधळ्यालाही दिसलं असतं. चहा त्याच्या हातातच निवला. बघतो म्हणाला, कालच्या उजेडाला नावं ठेवली, आणि लंकाबाई चुलीसाठी ठेवलेल्या जागेचा पंचनामा करायला आत गेली तशी खाली बसून पिशवीतून छन्नी-हातोडी काढली.

साळुबाई वाळू चाळत होती. तिनं चाळणी ठेवली.

"काय करताय?"

"फोडतो. दादाभाऊ बाजारातून यायच्या आत फोडतो न् सांजच्याला घराकडं निघू." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "गेला डोळा, साळू."

ती उठून खिडकीशी आली. वाळूच्या हातानं खिडकीच्या पट्ट्या चाचपत राहिली, आधी अलीकडची, मग पलीकडची. पलीकडं उलटं होतं, खाली रुंद न् वर चिंचोळी. तिनं ते त्याला दाखवलं. तो म्हणाला, दोन्हीकडं चुकलंय, आणखी काय. मग तिनं पिशवीत हात घातला आणि तळातून ओळंबा वर काढला. दोरीला कोळ्याचं जाळं लागलेलं होतं.

"लावा."

"कशाला? दिसतंय की समोर."

"अवो, दिसतंय त्येच खरं हाय का, त्ये तर बघायचंय. फोडायला दिवस पडलाय."

हौशीरामनं ओळंबा लावला, पण बघायचा धीर होईना. वजन हलायचं थांबलं तरी तो दोरीकडं न बघता कडाप्प्याकडंच बघत होता. शेवटी साळुबाई म्हणाली, बघा. त्यानं डावा डोळा मिटला. दोरी आणि गिलाव्याची कड वरपासून खालपर्यंत अशी जोडीनं उतरली होती की दोघींत केसाएवढी फट कुठं वाढत नव्हती, कुठं घटत नव्हती. वाऱ्यानं गंडवलं असेल म्हणून त्यानं दार ओढून घेतलं, पुन्हा लावला. तेच. दुसऱ्या बगलेला लावला. तेच. मग त्यानं ओळंबा चौकटीला लावला.

वर दोरी लाकडाला टेकली होती, खाली चांगली बोटभर लांब गेली.

"चौकट वाकडी हाय," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "साळू, चौकटच वाकडी हाय." आणि खालीच बसला. कट्ट्याचा कडाप्पा बसवताना एका टोकाला खाली सिमेंटचा माल जास्त लागला होता, तेव्हाच कळायला हवं होतं, असं बडबडत उजवा डोळा मनगटानं पुसत राहिला. डोळ्यात सिमेंट गेलं का म्हणून साळुबाईनं विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

आतून लंकाबाई आली, ओळंबा बघितला आणि एकदम पदर तोंडाला लावला. दाराची चौकट पूजा करून उभी करतात, सगळ्याच घरी. लंकाबाईनं शेजारच्या ह्या खिडकीलाही तोच मान द्यायला लावला होता, कारण इथं बसून तिला बाजाराला जाणारी जनावरं बघायची होती. त्या दिवशी दार उभं करण्यातच वेळ गेला, गुरुजी घड्याळ दाखवायला लागले, खिडकीखाली सारायला पाचर सापडेना. दादाभाऊनं तिथलाच एक दगड सारला आणि मुहूर्त गाठला. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, चौकटीला धान्याची पुडी बांधली. भिंत वर चढवणाऱ्या गवंड्यानं चौकट ओळंब्यात घेऊ का म्हणून विचारलं होतं. लंकाबाईनंच त्याला हात लावू दिला नव्हता.

दादाभाऊ धुकं विरल्यावर टेम्पोतून उतरला. त्याला अख्खी हकिगत ऐकवली गेली, प्रत्येकानं आपापली. तो खिडकीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"पावणं, मी बैलाची चाल बघतो, खूर बघतो. आमच्या म्हातारीनं मुहूर्ताला वाकडी खिडकी घेतली, ती न्हाई बघितली."

"तूच दगड सारला व्हता," लंकाबाई म्हणाली. "आन आता ती हलवायची नाय. हळद लागलीया तिला."

हलवायची नाहीच, हौशीराम म्हणाला. गिलावा ओला आहे. पट्टी जिथं रुंद दिसते तिथं वरून पातळ हात फिरवून थोडी झाकतो, जिथं चिंचोळी तिथं थोडी खरवडतो. निम्मं चौकटीचं राखू, निम्मं ओळंब्याचं. बसून बघणाऱ्याच्या ध्यानात येणार नाही. आणि ज्या बगला त्यानं जन्मात सरळ काढल्या होत्या, त्यातल्या सगळ्यांत सरळ दोन बगला तो दुपारपर्यंत हातानं अंमळ वाकड्या करत राहिला, डावा डोळा मिटून, मधूनच गुणगुणत.

काम झाल्यावर लंकाबाई कट्ट्यावर चढून बसली. बाजारातून परतणारी बैलजोडी वाकून बघितली, पट्टीकडं तिनं बघितलंही नाही. साळुबाईनं ओळंब्याची दोरी झटकून पिशवीत टाकली. एवढ्या तळाशी नको, म्हणून हौशीरामनं ती काढून वर ठेवली.

"डोळ्याचं सांगू का आता त्यांना?" तिनं हळूच विचारलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आतल्या खिडकीला माल लागंल." आणि तिची चाळणी ओढून घेऊन वाळू चाळायला बसला.