राखीव मुलीचं गाऱ्हाणं

आमची मुलगी बर्फावर स्केटिंग करते, हे मुलुंडच्या आमच्या सोसायटीला अजून पटलेलं नाही. "मुंबईत बर्फ? गोळेवाल्याकडे का?" असं विचारून लोक हसतात. मीही हसते आणि मनात दोन शिव्या घालते. पश्चिम उपनगरातल्या एका मॉलमध्ये छोटंसं रिंक आहे, मॉल उघडायच्या आधी तिथे पोरी सराव करतात.

यंदा परदेशातल्या एका ज्युनियर स्पर्धेसाठी आपल्या देशाला मुलींची एकच जागा मिळाली. कोणत्या देशाला किती जागा, हे आंतरराष्ट्रीय संघटना ठरवते. तिथे पाठवायचं कोणाला, ते आपलं फेडरेशन. राष्ट्रीय स्पर्धेतले गुण बघतात, वय बघतात, एकीला नेमतात आणि दुसरीला राखीव ठेवतात. नेमली गेली आमच्या मुलीची जिवलग मैत्रीण, कांदिवलीच्या गुजराती घरातली. आमची राखीव.

राखीव म्हणजे बॅग भरायची नाही आणि सरावही सोडायचा नाही. मैत्रीण फोनवर शिंकली तरी आम्ही एकमेकांकडे बघायचो. मग मुलगी करवादायची, "असं काय बघताय? तिला काढा पाठवा ना."

माझे सासरे मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडेपर्यंत तिथे साच्यावर कापड विणायचे. एका रविवारी ते नारळ घेऊन आले. आमच्यात अडल्या कामाला देवापुढे गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस मागणं बोलतो, बाकीच्यांनी दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पण इथे मागायचं काय? आमची जावी म्हटलं, तर दुसरीचं काही बिघडायला हवं. त्यात मैत्रीण नेमकी त्याच दिवशी आमच्याकडे जेवायला आलेली. मला घामच फुटला.

सासरे दोन्ही मुलींकडे बघत नारळ धरून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ह्या दोनय चेडवांचे पाय धड ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आमची मुलगी सगळ्यांच्या आधी म्हणाली.

"आणि खंयच्या देशाची जागा रिकामी रवली आसात, तर ती माझ्या नातीक गावांदे रे म्हाराजा."

जागा मिळू दे, या मागण्याला आमची मुलगी गप्पच राहिली. पण मैत्रिणीने असा खणखणीत "व्हय म्हाराजा" ठोकला, की खालच्या मजल्यावरच्या काकू काय झालं म्हणून वर आल्या.

पुढे काही दिवसांनी फेडरेशनचा निरोप आला. एका देशाने स्वतःची जागा सोडली होती, ती आपल्या देशाला मिळाली आणि तिच्यासाठी राखीव म्हणून आमच्या मुलीचं नाव पाठवलं गेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, इतकी खूश होते. तव्यावरची पोळी करपली.

सासरे दुसरा नारळ आणायला निघाले आणि दारातच थांबले. "खंयच्या देशान सोडल्यान? गाऱ्हाण्यात नाव घेऊक होया."

ते कोणी कळवलंच नव्हतं. मुलगी स्केट्सची पाती पुसत बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, त्यांची पण कोणीतरी असेल ना, जिचं जायचं राहिलं?"

सासरे चपला घालून खाली उतरले. नारळ आणला आणि देवापुढे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, जो कोण देश आसात, तेच्या चेडवाक फुडच्या वर्सा तेची जागा गावांदे रे म्हाराजा."

स्वतःच्या जागेच्या मागण्याला तोंड न उघडलेली आमची मुलगी यावेळी "व्हय म्हाराजा" म्हणाली, आणि खालच्या काकू पुन्हा वर आल्या.